उस्तादहो, पाठ देता की पाठ दाखवता?

गेल्या शिमग्याला आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा मुंबईहून गावी आला. परळास एका मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात तो चौदा महिने राहिला होता. बाप कोरडवाहू शेतकरी, घरात खाणारी तोंडे सहा. एक पोरगा तरी हुन्नर शिकून घराला हात देईल, म्हणून आईने कानातले मोडून त्याची मुंबईची सोय केली होती. होळीच्या दुसऱ्या दिवशी तो आम्हांस भेटावयास आला. आम्ही आमच्या मास्तरी खोडीप्रमाणे विचारले, "काय शिकलास रे?"

मुलाने बोटांवर मोजून सांगितले. "गुरुजी, मला पाने ओळखता येतात. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, अंधारात चाचपून देतो. ग्रीस लावता येते. गाडी धुता येते. कोणाला किती साखरेचा चहा लागतो, ते पाठ आहे."

"आणि इंजिन?"

मुलगा खाली बघू लागला. "उघडताना मी असतो, गुरुजी. पण बांधायची वेळ आली, टायमिंग लावायची वेळ आली, की उस्ताद मला चहाला पाठवतात."

वाचकहो, हे एकच वाक्य घेऊन आम्ही आज लिहावयास बसलो आहोत. चौदा महिन्यांत शेतकरी दोन हंगाम काढतो. चौदा महिन्यांत बाई मूल पोटात वाढवून, जन्माला घालून, त्यास उपडे पडण्याइतके मोठे करते. आणि एवढ्या अवधीत एका जाणत्या कारागिराने एका गरिबाच्या मुलास काय दिले? पान्यांचे आकडे! ऐन कामाच्या वेळी चहाला पिटाळण्याची ही युक्ती त्या उस्तादाने स्वतः शोधून काढली असेल, असेही आम्हांस वाटत नाही. त्याच्या उस्तादाने त्याला अशीच चहाची किटली देऊन पिटाळले असणार.

त्या गॅरेजाचे नाव आम्ही घेत नाही. ही खोड एका माणसाची असती तर तिची गाठ त्या माणसाशीच बांधून आम्ही मोकळे झालो असतो. पण ती शिंप्याच्या दुकानात आहे, सुताराच्या शेडात आहे, वायरमनच्या हाताखाली आहे, गवंड्याच्या परातीपाशी आहे. लालबाग-परळच्या मूर्तींच्या कारखान्यांत घासकाम आणि रंगाचा पहिला हात नवख्याकडे, व डोळ्यांची आखणी जुन्या हाताकडे असते. यात वावगे काहीच नाही, कारण डोळे चुकले की महिन्याची मेहनत गेली. पण आखणी चालू असता नवख्याला शेजारी बसवून कुंचला कसा धरला, श्वास कधी रोखला, हे सांगणारा एक उस्ताद असतो. आणि "जा रे, तिकडची माती चाळ" म्हणणारा दुसरा असतो. आमचे भांडण या दुसऱ्याशी आहे.

आणि हे भांडण घरचे आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. आमच्या वाडवडिलांची मोठी तक्रार काय होती? विद्या काही थोड्या घरांत कुलूपबंद आहे, किल्ली त्यांच्या कमरेला आहे, आणि शेतकऱ्याचे व कारागिराचे पोर दाराशी उभे आहे, हीच ना? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्यात बहुजनांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मिळावे, त्यांस शेतीचे ज्ञान मिळावे, आणि मास्तर असे असावेत की ज्यांस वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यात कमीपणा वाटणार नाही, असे स्पष्ट मांडले होते. त्या महात्म्याने अक्षर आणि अवजार या दोन्हींची कुलपे एकदमच ठोकली. त्यातले अक्षराचे कुलूप पुष्कळसे उघडले. पण अवजाराचे कुलूप कोणाच्या हाती होते? ते आमच्याच हाती होते! तेथे भटजी नव्हता, शास्त्री नव्हता, आमचाच मामा, आमचाच गाववाला, आमचाच भाऊबंद किल्ली घेऊन बसला होता. दुसऱ्याच्या कमरेची किल्ली आम्हांस दिसली; आपल्या कमरेची वाजते आहे, हे मात्र ऐकू आले नाही.

उस्ताद म्हणतात, "आम्हांला कोणी शिकवले? बघून शिकलो. टोले खाल्ले, शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे हात बसला. यानेही बघून शिकावे." बघून शिकणे चांगलेच आहे, बाबांनो. पण बघू तर द्या! किटली हातात देऊन गल्लीच्या टोकाला पाठवलेले पोर काय बघणार, तर चहावाल्याचा स्टोव्ह! राहिली टोल्यांची गोष्ट. सासूने छळलेली सून पुढे सासू झाली की तोच चिमटा नव्या सुनेला लावते, तेव्हा गावातली शहाणी माणसे तिला नावे ठेवतात. उस्तादाने तेच केले तर त्याला आपण "कडक माणूस" म्हणून का गौरवतो?

हा रोग किती जुना आहे, हे पाहावयाचे तर गिरणगावात जावे लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी उभी केली आणि १८५६ साली ताडदेवास मुंबईची पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी असा भोंग्यांचा मुलूख उभा राहिला. कोकणातून व घाटावरून आमची माणसे तेथे गेली. त्यांना साचा चालवावयास कोणी शिकवले? मालकाने शाळा काढली नव्हती. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. पण गावाकडून पाठीवर गाठोडे घेऊन आलेल्या, सही करता न येणाऱ्या माणसाला तिची पायरी कोठून दिसणार? तो शिकला तो आपल्या गाववाल्याच्या साच्यापाशी बिनपगारी उभा राहून. जेवणाच्या सुटीत मामाने भाकरी खाता खाता तुटलेल्या धाग्याची गाठ मारून दाखवली, आतेभावाने धोट्यात कांडी भरून दाखवली, आणि अशा रीतीने एका पिढीने दुसरीला वर ओढले. गिरणगावाचा हा मोठेपणा आम्ही कधी विसरणार नाही. एका खोलीत वीस वीस जण पाळीपाळीने झोपत. त्यांनी जागेप्रमाणे हुन्नरही वाटून घेतला.

पण हा पहिला वाटा मिळाला, की पुढे दार बंद. तेथे जॉबर बसला होता. पुष्कळांस वाटते की जॉबर म्हणजे केवळ माणसे भरणारा मुकादम. तसे नव्हे. साळखात्यातला जॉबर हा साचे जुळवणाराही होता. साचा अडखळू लागला, धोटा नीट फेकला जाईना, धागे फार तुटू लागले, की तो येऊन साचा ठीक करी. आता विचार करा. साळाची मजुरी कापडाच्या वारावर. साचा बंद तर मजुरी बंद. कापडात दोष आला तर पगारातून कापणार, नाही तर ते कापडच गळ्यात मारणार. म्हणजे ज्याला साचा जुळवता येतो, त्याच्या हाती साळाची भाकरी. मग तो ती विद्या फुकट का देईल? तिच्यावर त्याची दस्तुरी उभी होती! कामावर घेताना दस्तुरी, बदलीवर ठेवताना दस्तुरी, चांगला साचा देताना दस्तुरी. बायकांच्या खात्यात नायकीण असे, आणि तिच्याविषयीही हीच ओरड होती. सरकारने नेमलेल्या मजूर कमिशनने, ज्याचे अध्यक्ष व्हिटली साहेब होते, १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या लाचखाऊपणावर बोट ठेवले व माणसे घेण्या-काढण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावा, अशी शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांस कार्डे देण्याची पद्धत आली, तीही याच कारणाने. हे जॉबर कोण होते? परदेशातून आलेले साहेब नव्हेत. पुष्कळसे आमच्यातलेच, काल धोटा भरणारे आणि आज खिसा भरणारे.

आमचे तीर्थरूप लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात होते. ते सांगत, "आमचा जॉबर साचा जुळवायला आला की आमच्याकडे पाठ करून उभा राही. रुंद पाठ होती त्याची. मी डावीकडून डोकावलो तर तो डावीकडे सरके, उजवीकडून डोकावलो तर उजवीकडे. मी पाच वर्षे त्याच्या सदऱ्याची शिवण पाहिली." आणि त्याच गिरणीत एक म्हातारा साळ होता. तो निवृत्तीला आला होता. त्याने तीर्थरूपांस एक दिवस बाजूला घेऊन साच्याचा एकेक भाग हाताने दाखवला. साच्यांच्या त्या गडगडाटात शब्द ऐकू येत नसत. त्याने ओठ हलवून, बोटे दाखवून, हात धरून शिकवले. पुढे आमचे तीर्थरूप अनेकदा स्वतःच साचा सुरू करून घेत, आणि त्या महिन्यात घरी मनीऑर्डर जरा मोठी येई. एकाने पाठ दाखवली, एकाने पाठ दिला. मराठी भाषेने दोहोंस एकच शब्द ठेवला आहे. माणसाने कोणता अर्थ घ्यावयाचा ते ठरवावे.

आता त्याहून काळी गोष्ट सांगतो. ती सांगताना मान खाली जाते, पण न सांगणे हे लबाडीचे होईल. साळखात्यात मजुरी चांगली मिळे, म्हणून त्या खात्याची ओढ सर्वांना होती. पण अस्पृश्य म्हणून मानलेल्या आमच्या बांधवांस तेथे शिरकाव नव्हता. कारण काय दिले जात होते? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या डोळ्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्याला "त्यांचे" तोंड लागले त्याला "आमचे" तोंड कसे लावावे, असे स्पृश्य साळ म्हणत. त्यामुळे ते लोक कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडले. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला, त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे मांडला. मालक आमचे रक्त पितो म्हणून जे हात वर उठले होते, त्याच हातांनी शेजारच्या खात्यातल्या भावाला साच्यापासून दूर ठेवले होते!

यात मालकाने काही सांगितले नव्हते. यंत्राला जात नव्हती. हा धडा न देण्याचा निश्चय जुन्या, अनुभवी, कसबी कामगारांचा होता. नवख्याला न शिकवणे ही बारीकसारीक कुरबूर आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिकवण्याचे दार ज्याच्या हाती आहे, तो कोणाला आत घ्यायचे हेही ठरवतो. आणि ते ठरवू लागला की जात, गाव, नाते, पैसा यांचीच मापे तो लावतो. कुंपणच शेत खाते ते असे.

आता उलट बाजू पाहा. दार उघडे राहिले तर काय घडते, याचाही दाखला मुंबईतलाच आहे. अमेरिकन मिशनचा एक छापखाना मुंबईत होता. त्यांचा हेतू त्यांच्या धर्माचा प्रसार हा होता, त्याच्याशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. त्या छापखान्यात भंडारी समाजातले गणपत कृष्णाजी कामास होते. छपाई कशी चालते हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले, स्वतः खटपट करून यंत्र उभे केले, शाई तयार केली, आणि १८३१ साली आपल्या शिळाछापावर पंचांग छापले. उस्ताद येथे उडी मारून म्हणतील, "बघा, बघूनच शिकला की नाही!" होय, बघून शिकला, कारण यंत्रावर कोणी चादर टाकली नव्हती आणि त्याला ऐन वेळी चहाला पाठवले नव्हते.

त्याच छापखान्यात पुढे एक दहा वर्षांचे पोर महिना दोन रुपयांवर टाईप घासावयास लागले. त्याचे नाव जावजी दादाजी चौधरी. टाईप घासणे हे छापखान्यातले अगदी तळचे काम. पण घासता घासता अक्षराचा साचा कसा असतो, धातू कसा ओततात, हे त्या मुलाच्या हाती आले. १८६४ साली त्याने स्वतःचा टाईपांचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू या कसबी मित्राची साथ मिळाली. १८६९ साली काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत निर्णयसागर छापखाना उभा राहिला, आणि देशोदेशीचे पंडित ज्याची शुद्ध, सुबक संस्कृत पुस्तके मिळवण्यासाठी धडपडत, तो छापखाना हाच. ज्या घराला वेद ऐकण्याची बंदी, त्या घरातल्या टाईप घासणाऱ्या पोराने शास्त्र्यांच्या पोथ्या छापून त्यांच्याच हाती दिल्या! आता कल्पना करा, जावजी आमच्या आजच्या एखाद्या उस्तादाच्या हाताखाली पडला असता तर? धातू ओतायची वेळ झाली की "जा रे जावजी, चार कटिंग सांगून ये!" आणि मराठी अक्षर आणखी पन्नास वर्षे वेडेवाकडे राहिले असते.

उस्तादांच्या मनात एक खरी भीती आहे. तिला आम्ही हसत नाही. ते म्हणतात, "मास्तर, तुमचे जाते काय! आज शिकवलेला पोरगा उद्या समोर दुकान टाकतो आणि माझे गिऱ्हाईक नेतो. मालकाकडे असेन तर तो म्हणतो, हा पोरगा निम्म्या पगारात करतो, तू घरी जा." हे घडते. आम्ही नाही म्हणत नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे उदाहरण घ्या. ते मेस्त्री घराण्यातले, सुतारकी-लोहारकीत वाढलेले. शाळा थोडी, हात मोठा. १९१८ साली त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा १९२० साली हरकाम्या म्हणून लागला. बाबूरावांनी त्याला चहाला पाठवून टायमिंग लावले नाही. दामले, फत्तेलाल, शांताराम अशी सारी मंडळी त्या एका कारखान्यात तयार झाली. आणि १९२९ साली तीच मंडळी बाहेर पडली व त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांची कंपनी पुढे फार काळ टिकली नाही.

म्हणजे उस्तादाची भीती खरी ठरली, असे कोणी म्हणेल. थोडे थांबा. बाबूरावांनी काहीच शिकवले नसते तर त्यांची कंपनी अमर झाली असती काय? काळ बदलला, बोलपट आले, पैशांचा खेळ मोठा झाला. कंपन्या उभ्या राहतात आणि बसतात. पण शिकवल्यामुळे त्यांचा हात प्रभातच्या चित्रांत राहिला, आणि त्याच शांतारामांनी १९४२ साली परळास राजकमल उभारले तेव्हा तेथेही तो पोहोचला. आज महाराष्ट्र त्यांना कलामहर्षी म्हणतो ते त्यांच्या गल्ल्याकडे पाहून नव्हे.

आणि मालक नवख्याला पुढे करून जुन्याची मजुरी पाडतो, त्यावर औषध कोणते? नवख्याला अडाणी ठेवणे हे खचितच नव्हे. मालकाला नवख्याचे कसब लागत नाही, त्याची भूक लागते. भुकेलेला व अडाणी माणूस कोणत्याही भावाने उभा राहतो. कसबी माणूस आपला भाव सांगू शकतो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली आठवड्याची सुटी मिळवली, ती जुन्या-नव्याला एकत्र उभे करून. कायम कामगार एकीकडे आणि वर्षानुवर्षे दाराशी उभा असलेला बदलीवाला दुसरीकडे, ही फूट मालकाला नेहमी गोड लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा बदलीवाल्यांस कायम करा ही मागणीही त्यांत होती. ती मागणी करण्यास आम्हांला एकशे पंचवीस वर्षे लागली!

त्या संपानंतर काय झाले ते गिरणगावातले प्रत्येक घर जाणते. गिरण्या गेल्या, जमिनींवर मनोरे आणि मॉल उभे राहिले. आणि जॉबरच्या त्या रुंद पाठीआड दडवलेली विद्या कोठे गेली? ती कोणाच्याच कामास आली नाही. ज्याने ती जपून ठेवली, त्याच्याबरोबर ती चाळीच्या खोलीत म्हातारी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. उघडून पाहिली तेव्हा मुठीत केवळ घट्टे होते.

मुंबईकडे बोट दाखवून आम्ही गावातली मंडळी सुटलो, असेही नाही. आमच्या गावात एक जुने सुतार होते. गाडीचे चाक त्यांच्यासारखे पंचक्रोशीत कोणी करीत नसे. तुंबा, आरे, पाट्या सर्व जुळवून तापलेली लोखंडी धाव चाकावर चढवताना किती तापवावी, पाणी कोणत्या क्षणी ओतावे, हे त्यांच्या नजरेत होते. मुले मुंबईला गेली. गावातल्या दोघा-तिघा बाहेरच्या जातीच्या पोरांनी शिकवा म्हणून विनवले. म्हातारा म्हणाला, "ही आमच्या घराची विद्या." म्हातारा गेला त्या दिवशी घराची विद्या घरातून निघाली ती थेट स्मशानात गेली. आज चाकाला कोणी विचारत नाही हे खरे. पण लाकूड कोणते, त्याची नस कोणती, सांधा कोठे घ्यावा, हे ज्ञान दारे-खिडक्यांना तरी लागतेच ना? आज दारे-खिडक्यांसाठी आम्ही तालुक्याला जातो.

आणि आम्ही मास्तर तरी कोठे धुतल्या तांदळाचे! अध्यापक विद्यालयातून बाहेर पडून पहिल्या शाळेवर रुजू झालो, तेव्हा जुन्या गुरुजींनी आमच्या पुढ्यात खिचडीचा हिशेब, पटपडताळणीचे तक्ते आणि जनगणनेचे कागद टाकले. एका खोलीत दोन इयत्ता बसवून दोघींना एकाच वेळी कामाला कसे लावावे, ही त्यांची खरी विद्या. तिच्याविषयी चकार शब्द नाही. ती आम्ही दोन वर्षे मुलांचे नुकसान करत करत शिकलो. पुढे आमच्या हाताखाली नवीन शिक्षिका आली, तेव्हा आमचा हातही आपोआप खिचडीच्या वहीकडे गेला होता. तो मागे घेताना जी लाज वाटली, ती या लेखाच्या मुळाशी आहे.

नवख्यांसही दोन शब्द सांगणे भाग आहे. झाडू मारणे, अवजार पुसणे, हत्यार जागच्या जागी ठेवणे हेही शिक्षणच आहे. पहिल्याच आठवड्यात इंजिन उघडायला मागू नये. चार दिवसांत कंटाळून पळणारा आणि मोबाइलात मान घालून बसणारा नवखाही आम्ही पाहतो. त्याच्यावर उस्तादाने रागवावे, खुशाल रागवावे. पण आळशावर रागावण्याचा हक्क त्यालाच, जो मेहनती पोराला शिकवतो.

सरकार काय करते, असे कोणी विचारील. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ घेण्याचे व त्यांना विद्यावेतन देण्याचे बंधन आहे. पण गल्लीतल्या गॅरेजात माणसे चार. तेथे कायद्याची सक्ती पोहोचत नाही, आणि आमची बहुतेक पोरे तेथेच. २०२३ साली अठरा पारंपरिक धंद्यांकरिता विश्वकर्मा योजना निघाली. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी मदत आहे. ते घ्यावे, सोडू नये. पण अवजारांची पेटी सरकार देईल. पेटीत युक्ती बसत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातातच जाते.

म्हणून आम्ही निक्षून सांगतो. उस्तादहो, पोराला कामावर घेताना त्याच्या बापासमोर सांगा की सहा महिन्यांत त्याला काय येईल, वर्षात काय येईल आणि खर्चीला किती मिळेल. दिवसातून एक तास तरी अवजार त्याच्या हातात आणि तुम्ही शेजारी, असे ठेवा. शिकवण्याबद्दल अनामत, दस्तुरी, बाटली घेऊ नका. दाराशी आलेल्याची जात विचारू नका. मुलगी आली तर तिला गिऱ्हाइकांच्या नोंदवहीवर बसवून बोळवण करू नका, पाना तिच्याही हातात द्या. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी सत्यनारायण आणि क्रिकेटचे सामने यांवर जितका पैसा उडवला, त्याचा चौथा हिस्सा बाजूला काढून रविवारी एका जुन्या कारागिराला चार पोरांपुढे बसवावे. आणि आईबापहो, पोर शिमग्याला-गणपतीला घरी आले की "पगार किती?" हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला विचारा, "नवीन काय शिकलास?" दोनदा उत्तर आले नाही, तर स्वतः मुंबईची गाडी धरा आणि उस्तादाला विचारा. तुमचे पोर तुम्ही त्याला विकलेले नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही परत त्याच उस्तादाकडे पाठवले, सोबत एक चिठ्ठी देऊन. चिठ्ठीत काही फार लिहिले नाही. "उस्ताद, आपल्या हाताची कीर्ती मुलाकडून ऐकली. तो हात आपल्या पश्चात कोणाच्या खांद्याखाली राहणार, हे कळवावे. आणि चहा, आपली हरकत नसेल तर, टायमिंग लावून झाल्यावर सर्वांनी मिळून घ्यावा." उत्तर अजून आलेले नाही. मुलाचा फोन मात्र परवा आला. उस्तादाने चिठ्ठी वाचली, खिशात घातली, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन बांधायची वेळ आली तेव्हा किटली घेऊन शेजारचा म्हातारा वॉचमन गेला.

मुलगा सांगत होता, की उस्ताद अजून पाठ करूनच उभा असतो. पण आता थोडा बाजूला सरकून.